शिशाचे पाच किलो

क्लॅरी हॉगबेन एकोणऐंशीचा. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनला जन्मभर मासे धरले, पण गळवाल्यांची थापा मारायची कला काही त्याला साधली नाही. म्हातारपणी मात्र ती शिकायची वेळ आली.

दोन वर्षांपूर्वी बायको मर्ल गेली, तेव्हापासून तो वाळत चालला होता. ॲडलेडच्या लेकीनं, जनीननं, फोनवर तंबीच दिली, "बाबा, साठ किलोच्या खाली गेलात तर घर विकायचं आणि सरळ वृद्धाश्रम." तेव्हापासून डॉक्टरकडे जाताना तो कोटाच्या अस्तरात गळाला बांधायची जड शिसं भरायचा. काटा त्रेसष्ट दाखवायचा, डॉक्टर मान डोलवायचे आणि घर वाचायचं.

आज मानेच्या धमन्यांचा एमआरआय होता. डोळ्यांपुढे दोनदा अंधारी आली होती, म्हणून.

"धातूचं सगळं काढा, क्लॅरी," सेफिना म्हणाली. मशीन चालवणारी ही सामोआ बेटावरची पोरगी भलतीच खणखणीत. "बेल्ट, घड्याळ, कोट. हा गाऊन घाला."

"कोट राहू दे की, पोरी. गारठा आहे."

तिनं कोट उचलला तर हातच खाली गेला. "अगं बाई! अख्खी होडी घेऊन आलात की काय?"

क्लॅरीचं तोंड एवढंसं झालं. "कागदावर त्रेसष्ट लिहिलंय. तेच धर ना."

"कसं धरू? धमन्या उठून दिसायला शिरेतून औषध सोडते, त्याचं माप वजनावर. दहा किलोला एक मिली. चढा काट्यावर."

काटा अठ्ठावन्नवर थांबला.

"लिहू नकोस गं. माझं घर जाईल." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"खोट्या वजनाचं औषध मी कुणाच्या अंगात घालत नाही," ती म्हणाली, मग आवाज खाली आणून, "काल रात्री काय जेवलात?"

"टोस्ट."

"आणि परवा?"

"टोस्टच. एकट्यासाठी कुठं रांधत बसू?"

हे तो दोन वर्षांत पहिल्यांदा बोलला. कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं पाच पॉइंट आठ मिली भरलं. शीर शोधायला त्याचा हात धरून ती बोटांनी चाचपत राहिली. मर्लनंतर असा हात कुणी धरला नव्हता. शीर उशिरा सापडली तर बरं, असं त्या वेड्याला वाटलं. मशीनच्या बोगद्यात त्याला रडू आलं, पण डोळे पुसायची सोय नव्हती.

"हलू नका, क्लॅरी," कानात तिचा आवाज आला. "मी आहे इथं."

संपल्यावर तिनं कोट परत दिला. बाहेर बसथांब्याच्या बाकावर बसून त्यानं अस्तरातली शिसं एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जनीनला फोन लावला. तिनं उचलला नाही. निरोप ठेवा, असं यंत्र म्हणालं.

"जनीन, मी अठ्ठावन्न किलो आहे. डॉक्टरला खोटं दाखवलं होतं. घराचं काय ते तू ठरव. पण आधी एकदा जेवायला ये."

मग तो फोन हातात धरून बसून राहिला. दोन बस गेल्या तरी उठला नाही.