राखीव खेळाडू

आमचे हे, म्हणजे दत्तराव, विद्यापीठाच्या फुटबॉल संघात होते. लग्न जमवताना आमच्याकडे एवढंच सांगितलं होतं आणि लग्नानंतर मी दुसरं काही ऐकलंही नाही. औरंगाबादच्या सामन्यातला यांचा गोल आमच्या गावच्या, ताडकळसच्या हॉटेलात दर वर्षी थोडा आणखी लांबून मारला जायचा. दुसरा आवडता विषय राखीव जागा. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराच्या विरोधातल्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडलेले. नोकरी नाही, त्याचं खापर अजून राखीववाल्यांवरच. स्वतः अर्ज किती केले, तर दोन.

जिंतूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा निघाली. अट एकच, विद्यापीठाकडून प्रत्यक्ष खेळलेला हवा. ती नोकरी मला हवी होती. बाळाची छाती दर पंधरा दिवसांनी भरायची, आणि जिंतूरला लेकरांचा दवाखाना शाळेसमोरच होता. म्हणून बाळाला घेऊन मीही सोबत गेले.

कारकुनाच्या टेबलावर काचेखाली बाबासाहेबांचा फोटो होता. तो दिसला आणि यांचं अहोजाहो जागच्या जागी अरेतुरे झालं. कारकुनानं प्रमाणपत्र सावकाश वाचलं.

"दत्तराव, तुमी राखीव ना?"

"राखीव तू. आमी खुल्यातले."

त्यानं कागद माझ्याकडे फिरवला. संघातील स्थान: राखीव. तीन वर्षं ट्रंकेत कुलूप लावून ठेवलेला तो कागद मी पहिल्यांदा वाचत होते.

"मला वळखलं न्हाई, का वळखायचं न्हाई? सूर्यभान. तुमचा गोलकीपर."

मग त्यानं सांगितलं, की राखीव खेळाडू मैदानात उतरला होता असं संघातल्या कुणी लिहून दिलं तर चालतं. तो देईल. दत्तरावांनी फक्त मागावं.

"ह्याच्या सहीनं नोकरी घ्यायची?" असं भिंतीला विचारून हे कागद तिथंच टाकून स्टँडकडे निघून गेले. मान ताठ. तशी ताठ ठेवायला आजारी पोर दुसऱ्याच्या कडेवर असावं लागतं.

मी बसून राहिले. बाळाची छाती घरघरत होती.

"भाऊ, हे किती वेळ खेळले?"

"सात मिनिटं. दोनदा बॉल लागला. एकदा डोक्याला."

"आणि गोल?"

"न्हाई, बाई."

हसू आलं ते मी बाळाच्या टोपड्यात लपवलं. म्हटलं, सात मिनिटंच लिहा. त्यानं लिहिलं, सही केली, वर शाळेचा शिक्काही मारला. अर्जावर यांची सही तेवढी राहिली होती. आणते म्हणून मी कागद घेतले आणि स्टँडवर गेले. हे एस.टी.च्या दारातच उभे होते. मी कागद आणि पेन पुढं केला, आणि सही होईपर्यंत बाळाला घेऊन खालीच उभी राहिले.