माशाच्या कानातला पुरावा

सानगडीजवळच्या आमच्या गावाची बोडी म्हणजे म्हशी डुंबायचं डबकं. त्या डबक्यात गंगा प्रकटली, तेव्हा शेतांच्या धुऱ्यावर मोटारसायकल ठेवायला जागा उरली नाही. मी आयुष्यभर गावाला थापा ऐकवल्या, वाघाला बिडी पाजल्याचंही लोकांनी हसत ऐकून घेतलं. पण एवढी थाप मारायची माझी छाती झाली नसती.

माशाचं औषध देणारा मीनबाबा काठावर बसून सांगत होता, "मासा काशीहून जमिनीच्या पोटातून येते. खाल्ला का दमा गेला. मुंडकं मात्र गंगामायचं, ते तुळशीखाली पुरा. अन् दम्याचा पंप ओढू नका. इंग्रजी हवा आत गेली का माय रुसते."

"रस्त्यात त्याले कोणी तिकीट इचारत नाही का?" मी म्हणालो.

"भय्याजी, गप राहा," गावातला टेकचंद म्हणाला. "तुमचा वाघ आम्ही मानला ना?"

सगळे हसले. माझा शेजारी यादोरावही हसला आणि हसता हसता त्याला धाप लागली. जुना दमेकरी. त्याच दिवशी त्यानं पंप बोडीत भिरकावला.

त्याची मुलगी रक्षा नागपूरच्या कॉलेजात मत्स्यविज्ञान शिकवते. ती नवा पंप घेऊन धावत आली.

"मासा गंगेचा नाही, हे दाखव," यादोराव म्हणाला. "मंग घेतो."

रक्षानं घराघरातल्या तुळशीखालची माती उकरली. बाबानं पुरावा स्वतःच अंगणोअंगणी पुरायला लावला होता. मुंडक्यांतून तिनं तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे काढले.

"हा माशाच्या कानातला खडा," ती बापाला म्हणाली. "मासा वाढते तसे याच्यावर थर चढते. ज्या पाण्यात मासा राह्यला, त्या पाण्यातली खनिजं त्या थरात बसते. मेल्यावरही निघत नाही."

खडे प्रयोगशाळेत गेले. सोबत आमच्या बोडीतल्या जुन्या माशांचे, गोसीखुर्द धरणाच्या माशांचे आणि आंबागडकडच्या एका सोडून दिलेल्या मँगनीज खाणीच्या खड्ड्यातल्या माशांचेही खडे गेले. बाबाचा टेम्पो त्याच बाजूनं येतो, हे तिच्या कानावर आलं होतं.

अहवालाला वेळ लागला. दम्यानं वाट पाहिली नाही. यादोराव भर दुपारी खाटेवर बसल्या बसल्या गेला. त्याची बायको कौशल्याबाई पदरानं वारा घालतच राहिली.

"मुंडकी उकरली, माय कोपली," बाबा म्हणाला. बापाला पोरीनं मारलं, असं गाव बोलू लागलं.

तेरवीनंतर रक्षा अहवाल घेऊन बोडीवर आली. "तुळशीखालच्या खड्यांमधी मँगनीज भरून आहे. बोडीच्या अन् धरणाच्या माशात तेवढं नाही. खाणीच्या खड्ड्यातल्या माशाशी मात्र जुळते, पिल्लू होता तवापासून."

टेम्पोवाला प्रितम खाली मान घालून म्हणाला, "पहाटे मीच आणून सोडतो. बाबानं सांगतलं होतं."

"तो खड्डाही गंगेचाच," बाबा म्हणाला. दोघाचौघांनी तेव्हाही हात जोडले.

कौशल्याबाई उठली. "पोरीच्या बापानं तिले दाखव म्हटलं होतं. तिनं दाखवलं. आता पाहाले तो नाही."



मुलीकडे यादोरावनं पुरावा मागितला, बाबाकडे मागितला नाही. साऱ्या गावानं तेच केलं. म्हणून सांगतो, आणि ही थाप नाही. चमत्कार जो सांगतो, पुरावा त्यानंच द्यायचा असतो. तो येईपर्यंत औषध सोडायचं नसतं.