तळहातावरचं वरण

आई गेल्यावर बाबांना मी माझ्याकडे परदेशात घेऊन आले, तेव्हा एक बारीकशी अडचण माझ्या लक्षातच आली नव्हती. मला स्वयंपाक येत नव्हता.

लहानपणी मी स्वयंपाकघरात डोकावले की आई म्हणायची, "इथे लुडबुड नको, अभ्यास कर." मी केला. पुढे इतकं वाचलं की घरात पुस्तकांना जागा पुरेना, पण मोहरी आधी की हिंग, हे त्यातल्या एकाही विद्वानाने लिहून ठेवलं नव्हतं. पाव, अंडी आणि ऑफिसचं कॅन्टीन यांवर माझं बरं चाललं होतं.

बाबांचं चालेना. दोन घास खायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि उठायचे. पट्ट्याचं भोक आत आत सरकत होतं. मग एका रविवारी ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, "परतीचं तिकीट लवकरचं मिळतंय का बघ. उगाच तुला ताप."

तिकडे रिकाम्या घरात ते एकटे काय खाणार होते, ते मला दिसत होतं. त्यांना ठेवून घ्यायचं तर वरण-भात जमायलाच हवा होता. मी मावशीला फोन लावला.

"डाळ किती घेऊ?"

"दोघांपुरती."

"पाणी?"

"बेताचं."

"मावशी, बेताचं म्हणजे किती?"

"अगं, ताई तरी कुठे मोजायची? सगळं अंदाजाने. मीठ तेवढं चवीपुरतं घाल."

"चाखून बघू?"

"नैवेद्याच्या आधी? उष्टं करतेस? ताईने जन्मात कधी चाखलं नाही."

चाखायचं नाही आणि चवीपुरतं घालायचं! माझ्या कपाटातल्या तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांतही असलं कोडं नव्हतं. पण आईने पाळलेलं मी कशी मोडणार? त्यामुळे एकदा वरण समुद्र व्हायचं, एकदा अगदी अळणी. बाबा दोन्हींना छानच म्हणायचे.

संध्याकाळी कुकरची वाफ निवली की ते येऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायचे. "तेल उडतंय बाबा, बाहेर बसा. आणते मी," असं म्हटलं की निमूट जायचे.

एकदा फोडणी जरा जास्तच तडतडली आणि छताला लावलेला, धुराचा इशारा देणारा भोंगा किंचाळायला लागला. मी स्टुलावर चढून त्याचं बटण शोधत ओरडले, "बाबा, शेगडी बंद करा!"

त्यांनी केली. भोंगा गप्प झाल्यावर मी खाली उतरले, तर बाबा वरणाच्या पातेल्यासमोर उजवा तळहात पुढे धरून उभे. मी बघतेय हे कळताच त्यांनी हात मागे घेऊन सदऱ्याला पुसला.

"काय हवंय?"

"काही नाही गं. सवय."

"कसली?"

"तुझी आई पळीने थेंब टाकायची हातावर. वरून टाकलं की उष्टं होत नाही, हा तिचा कायदा. मग मी मिठाचं सांगायचो."

"रोज? आणि मावशी म्हणते, आईचा अंदाज!"

"अंदाज कसला? मी होतो की."

मी पळी घेतली. बाबांनी हात पुढे केला. मी वरून थेंब टाकला.

"पोळलं ना?"

"फुंकर मारता येते मला." त्यांनी डोळे मिटून चव घेतली. "मीठ हवंय. गूळही."

"किती?"

"ते मला काय माहीत? मी नुसतं 'अजून' म्हणायचो."

मग तसंच केलं. मी चिमटी टाकायची, त्यांनी हात धरायचा. अजून. अजून. जरासं. बास!

जेवताना बाबा दोन घासांवर उठले नाहीत. पहिला भात संपला. मी धीर करून विचारलं, "तिकिटाचं काय करू?"

त्यांनी ताट पुढे सरकवलं. "आधी भात वाढ. आणि उद्या फोडणी करायच्या आधी खिडकी उघड."