इतोकाची हद्द

न्येरी शहरातल्या वकिलाने कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "त्या खालच्या उतारावर कोण राहतं, आजोबा?"

"न्यागुथी. आमच्या गाथोगोची बायको. गाथोगो गेला, ती आहे."

"नात्यातली?"

"नाही हो. गाथोगो माझा दोस्त."

"भाडं देते?"

किहाराला हसू आलं. "दर वर्षी भोपळाभर उसाची दारू आणते. निम्मी स्वतःच पिते."

वकील हसला नाही. त्याच्यामागे खुंटीवर कोर्टात घालायचा घोड्याच्या केसांचा टोप लटकत होता. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, पण टोप इथेच राहिला होता आणि कायदाही. "मालकीण नाही, भाडेकरू नाही, नात्यातली नाही," वकील म्हणाला. "म्हणजे घुसखोर. नोटीस देऊ, जाईल उठून."

"बघा बाबा, मी काय म्हणत होतो?" म्बुथियाची कळी खुलली. पोराला उतार विकायचा होता. गिऱ्हाईकही ठरलं होतं.

किहाराच्या मात्र पायाखालची वाळू सरकली. 'घुसखोर' हा शब्द त्याने लहानपणी ऐकला होता. गोऱ्या साहेबाच्या मळ्यात बापाने उमेदीची वर्षं घातली. ज्या कुरणात आजाच्या शेळ्या चरल्या, तिथेच साहेबाची गुरं राखली. मग नवा कायदा आला. साहेबाने घोड्यावरून न उतरता बापाला घुसखोर म्हटलं आणि झोपडी पेटवून दिली. मग बाप ओढ्याकाठच्या आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर परतला.

"चष्मा घरी राहिला," किहारा म्हणाला आणि सही न करताच उठला. चष्मा खिशातच होता.

वाटेत त्याला जुने दिवस आठवत राहिले. काय दिवस होते! गाथोगो दारूचा भोपळा घेऊन आला, बापासमोर बसला, म्हणाला, "मला जागा द्या." बापाने उतार दाखवला. "गोडीने राहशील तोवर तुझाच." झालं! पुढे साखळी घेऊन मोजणीवाला साहेब आला. विखुरलेले तुकडे एक केले आणि एका जमिनीला एकच नाव मागितलं. गोडीने राहणाऱ्याला त्याच्या वहीत रकानाच नव्हता. तोवर बाप गेला होता, म्हणून नाव लागलं किहाराचं. साखळीचं दुसरं टोक तेव्हा गाथोगोनेच धरलं होतं! "नावाने काय फरक पडतो रे?" म्हणत दोघं खिदळले होते. किती भोळे होतो आपण, असं वाटून किहाराला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याने गावातल्या दोन म्हाताऱ्यांना साक्षीला बोलावलं. ओढ्याकाठच्या आपल्या हद्दीवरून इतोकाचे, म्हणजे शेताची हद्द दाखवायला पूर्वापार लावतात त्या लिलीचे, थोडे कांदे काढले आणि न्यागुथीच्या उताराभोवती स्वतःच्या हाताने लावले.

"भावजी, कंबर मोडेल! आणि हे कशाला?" न्यागुथी धावत आली.

"तुमची हद्द आखतोय, वहिनी." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "जो हा इतोका उपटेल, त्याला माझा शाप. पोटचा असला तरी."

म्बुथिया चिडला. "बाबा, कोर्टात इतोका चालत नाही!"

"मग कोर्टवाल्यांना सांग, तिथेही लावा."

आठवड्याने गिऱ्हाईक मोटारीतून आलं. नैरोबीचा माणूस, कोट-टाय, चकाकते बूट. त्याने कागद बारकाईने पाहिले. सगळं चोख होतं. मग त्याची नजर जमिनीकडे गेली.

"हे कुणी लावलं?"

"मी," किहारा म्हणाला.

"काही बोललात लावताना?"

"बोललो."

त्याने हॅट डोक्यावर चढवली. "माझी आई अजून जिवंत आहे, म्बुथिया. हे असलं विकत घेतलं तर ती मला दारात उभं करणार नाही." मोटार धुरळा उडवत निघून गेली.

म्बुथिया पाय आपटत घराकडे निघाला. कुणाच्याशा शेळीने इतोकाचा एक कांदा उकरून बाहेर टाकला होता. तो थबकला. इकडेतिकडे पाहिलं, घाईने वाकला, कांदा परत खड्ड्यात ठेवून माती दाबली आणि हात विजारीला पुसले.

किहाराने पाहून न पाहिल्यासारखं केलं. गाथोगो असता तर पोट धरधरून हसला असता. त्या आठवणीने म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, आणि तो न्यागुथीच्या दाराशी जाऊन म्हणाला, "वहिनी, यंदाचा भोपळा कधी?"