वीतभर आखूड पडदा

हसू नका, पण बोलणारा मी एक पडदा आहे. चांद्याच्या बाजारात बापूजींचं हॉटेल आहे, तिथल्या कोपऱ्यातल्या फ्यामिली रूमचा. १९५४ साली नवरा-बायकोला समोरासमोर बसून चहा प्यायला साऱ्या बाजारात तेवढीच एक जागा होती, आणि तिथली लाज माझ्या हाती होती.

मी कोऱ्या मांजरपाटाचा. जहीर शिंप्यानं बजावलं होतं, "बापूजी, कापड आधी भिजवून घ्या, नाई त आटते." पण बापूजींना घाई. पहिल्याच धुण्यात मी वीतभर आटलो आणि आत बसलेल्यांचे पाय बाहेर दिसू लागले. मला त्याचं काहीच वाटलं नाही. तोंडं झाकतोय ना, मग झालं तर, असं म्हणून मी मिरवत राहिलो.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी मूल गावाकडचं एक जोडपं आलं. लग्नाला सहा महिने झालेले. महाकालीच्या दर्शनाला जातो म्हणून दोघं घरून निघाले होते. जिलेबी आली, तरी बायको खाईना.

"तुमी खा आधी," ती म्हणाली.

"इथी कोनी नाई पाहत, कमळा. संगंच खाऊ."

तिनं चपला काढल्या आणि हळूच आपला पाय त्याच्या पायाला लावून ठेवला.

बाहेर चार शेतकरी चहा पीत होते. एकानं खाली बोट दाखवलं आणि सगळे हसले. धान विकायला आलेले गुणवंतराव सर्वांत मोठ्यानं.

"घरी चूल नाई वाटते हिच्या. कोना बेशरमाची सून आहे त बापा!" असं म्हणत त्यांनी वाकून पाहिलं.

हसणं तिथंच थांबलं. त्यांच्या घरात सून वाढायला आली की सासऱ्यानं मान वर करायची नाही, अशी रीत. सहा महिन्यांत त्यांनी सुनेचा चेहरा धड पाहिला नव्हता. पाय मात्र रोज पाहिले होते, डाव्या करंगळीजवळ विळ्याचा वण असलेले.

आत कमळानं सासऱ्याचा आवाज ओळखला. दोन्ही पाय बाकावर गेले. जिलेबी तशीच राहिली. गुणवंतराव चहा टाकून निघून गेले, आणि मी मेल्याहून मेल्यासारखा लटकत राहिलो. मला एकच काम दिलं होतं, तेही माझ्या हातून झालं नाही.

पंधरा दिवसांनी गुणवंतराव एकटेच आले. काखेत स्वतःचं धुतलेलं उपरणं.

"बापूजी, याची पट्टी जोडा त्या पडद्याले. तोंडातून निघून गेलं जी माह्या. घरी बोलता येत नाई. पोरायले पाठवतो मी, पन मी आलतो म्हनून सांगू नका."

जहीरनं ते उपरणं आधी भिजवलं, वाळवलं, मगच जोडलं.

पोरं आली. मी जमिनीला टेकलो होतो. या खेपेला दोघांनी संगंच जिलेबी खाल्ली. पण कमळा उठेपर्यंत पाय वर घेऊनच बसली.

आता मी विटलोय, कडेला फाटलोय, तरी अंग ताणून जमीन सोडत नाही. कमळाबाई, एकदा तरी पाय खाली सोडून बसा.