धुण्याचं पाणी

विहिरीच्या पाण्यात वाळवीचं औषध निघालं, तेव्हा संहिताने आधी यंत्रात नमुना सोडायची सुई धुतली आणि मग पडद्यावरची रेघ पुन्हा पाहिली. रेघ जिथे उंच व्हायला नको होती, तिथेच झाली होती. तिने दुसरा नमुना घातला. तेच आलं. मग तिने डबा उघडून उपमा खाल्ला. तो गार होता की गरम, हे तिला सांगता आलं नसतं.

नमुना तिच्या घरचा होता. बनशंकरी भागात त्यांची दहा फ्लॅटची इमारत, मागच्या बाजूला जुनी उघडी विहीर. सोसायटीचे सेक्रेटरी तिचे वडील त्रिविक्रमराव. घरात आणि बाहेर त्यांना सगळे अण्णाच म्हणत. संहिताची आई, गोदूबाई, गेल्यानंतर अण्णा हॉलमध्ये नुसते बसून असत. पेपरची घडीही मोडत नसत. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. संहिताचंही वेगळं नव्हतं. फरक इतकाच, की तिला जयनगरच्या प्रयोगशाळेत वेळेवर पोचावं लागे. आई गेल्यावर आपण रडलो नाही हे तिच्या बरंच उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही काही वाटलं नाही.

उन्हाळ्यात बोअर आटली, टँकरवाले फोन उचलेनात, आणि अण्णा उठले. दहा घरांच्या वॉशिंग मशीनचं पाणी रोज गटारात जातं, हे त्यांना एकाएकी सहन होईना. प्लंबर आणून त्यांनी सगळे पाइप एकत्र जोडले. इमारतीच्या पायालगत केळी, कर्दळी, जास्वंदी लावल्या. धुण्याचं पाणी झाडांना जाईल, उरलेलं जमिनीत जिरून विहिरीला मिळेल. रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून वॉल्व्ह फिरवायला खाली जाऊ लागले. विहिरीचं पाणी हातभर वर आलं त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. संहिताने वाढला.

योजना सुरू होण्याआधीच्या मीटिंगमध्ये तळमजल्यावरच्या पवित्राने शंका काढली होती. ती बेळगावकडची, बँकेत कामाला. इमारत बांधताना वाळवी लागू नये म्हणून पायाभोवती औषध ओततात, ते या पाण्याबरोबर विहिरीत उतरणार नाही ना? तिच्या सासूबाई, विठाबाई, विहिरीचंच पाणी पीत. बोअरच्या पाण्याला चव नाही म्हणत.

"माझी मुलगी हेच काम करते," अण्णा म्हणाले होते. "ती बघून सांगेल."

संहिताने बघितलं होतं. पायाजवळची माती नेली, बाटलीत पाण्याबरोबर रात्रभर हलवत ठेवली, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून माती तळाशी बसवली आणि वरचं पाणी तपासलं. मातीत ते औषध, क्लोरपायरिफॉस, भरपूर होतं. पाण्यात जवळजवळ नव्हतं. "माती धरून ठेवते," असं तिने पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं. अण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं होतं.

रीत बरोबर होती. पाणी चुकीचं होतं. रीतीप्रमाणे स्वच्छ पाणी घ्यायचं असतं, तिने स्वच्छ घेतलं. रोजचं काम तसंच चालतं. हात आपोआप स्वच्छ पाण्याच्या कॅनकडे जातो. झाडांना मात्र स्वच्छ पाणी मिळणार नव्हतं. हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. पाइप तिच्या खिडकीखालून गेला होता.

उपमा खाऊन झाल्यावर तिने तीच माती पुन्हा घेतली. या वेळी सकाळी विहिरीच्या नमुन्याबरोबरच अण्णांच्या पाइपच्या तोंडाशी भरून आणलेलं पाणी वापरलं: एका बाटलीत स्वच्छ पाण्यात अगदी थोडं, दुसरीत जास्त, तिसरीत नुसतं तेच. दुसऱ्या दिवशी आकडे आले. थोडा साबण असलेल्या बाटलीत मातीने औषध उलट जास्तच घट्ट धरलं होतं, कारण तेवढा साबण मातीलाच चिकटून बसतो आणि औषध त्याला चिकटतं. साबण वाढला की तो मातीवर मावत नाही, पाण्यात त्याचे गोळके होतात. कॉलरवरचा मळ जसा त्यांच्या पोटात शिरून निघून जातो, तसंच पाण्यात न विरघळणारं औषध मातीतून सुटून त्यांच्याबरोबर चालू लागतं. तिसऱ्या बाटलीत ते सुटलं होतं.

लगेच कोणी आजारी पडावं इतकं विहिरीत नव्हतं. प्यायच्या पाण्यात असू नये, त्याहून मात्र बरंच जास्त होतं.

संध्याकाळी अण्णा केळीची वाळलेली पानं कापत होते. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, प्रयोगशाळेत साहेबांना सांगते तशा आवाजात. अण्णांनी कोयता खाली ठेवला नाही.

"थोडा साबण असला तर माती जास्त धरते म्हणालीस ना?"

"हो."

"मग झालं तर. सगळ्यांना सांगू, स्वल्प पावडर घाला. मी स्वतः जाऊन घालतो प्रत्येकाच्या मशीनमध्ये. मापाचा चमचा ठेवतो."

"दहा घरांत, अण्णा?"

"मला दुसरं काय काम आहे?"

ते खरंच गेले असते, रोज, दारोदार, चमचा घेऊन. हो म्हणणं सोपं होतं, आणि ते निव्वळ खोटंही ठरलं नसतं. पहिली बाटली तेच सांगत होती.

"रविवारी सगळे एकदम धुतात," ती म्हणाली. "आणि आत्तापर्यंत गेलेला साबण मातीतच आहे. चमच्याने होणार नाही. बंद करायला लागेल."

"झाडांपुरतं तरी?"

"नाही."

"पूर्ण?"

"पूर्ण. विहिरीचा पंपही."

अण्णांनी पानं गोळा करून एका बाजूला रचली. मग वॉल्व्ह फिरवला. पाणी गटाराकडे वळल्याचा आवाज आला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "घरोघरी सांगून येऊ."

"ग्रुपवर टाकते मी."

"ग्रुपवर नको. पाणी प्या म्हणून तोंडाने सांगितलं होतं."

वर जाऊन त्यांनी हातपाय धुतले, शर्ट बदलला. पहिलं दार पवित्राचं. ती नुकतीच बँकेतून आली होती, पदर खोचलेला, हातात लसणाची पाकळी. अण्णांनी सांगितलं तेवढं तिने दारातच ऐकून घेतलं.

"म्हणजे आम्ही इतके दिवस वाळवीचं औषध प्यालो म्हणा की."

"थोडं थोडं," अण्णा म्हणाले.

"थोडं थोडं! ऐकलंत का हो सासूबाई, थोडं थोडं म्हणे."

आतून विठाबाईंचा आवाज आला. "तरीच माझे गुडघे दुखंनात झालेत. वाळवीच मेली असंल आतली."

पवित्राला हसू आलं नाही. "मी विचारलेलं मीटिंगमध्ये. चारचौघांत विचारलेलं. तर तुमच्या लेकीनं काय सांगितलं? माती धरून ठेवती. होय की नाही?"

संहिताने तोंड उघडलं. मी साध्या पाण्याने बघितलं होतं, एवढं एक वाक्य होतं. तयार होतं.

"तिने माती बघितली ती बरोबरच बघितली," अण्णा म्हणाले. "साबणाचं पाणी सोडायची हौस माझी. तिला न विचारता सोडलं. चूक माझी आहे, पवित्रा. टँकरवाल्याकडे मी स्वतः जाऊन येतो, उद्यापासून ते पाणी घ्या. विठाबाईंना कॅन मी आणून देतो."

"सेक्रेटरीपणा सोडणार का मग?"

"सोडतो की. तू घेतेस?"

"मला नको बाई ती कटकट," पवित्रा म्हणाली. तिने दार लावलं. आपटलं नाही, पण हळूही लावलं नाही.

जिन्यात संहिता थांबली. "तुम्ही मला विचारलं होतं. सगळ्यांसमोर."

"विचारलं होतं."

"मग असं का सांगितलंत?"

"तुला नोकरी आहे," अण्णा म्हणाले. "ती कोणाला तरी सांगेल, तो तुझ्या साहेबाला सांगेल. माझं काय जाणार आहे?"

काय जाणार होतं ते दोघांनाही माहीत होतं. त्याचा आवाज मघाशीच गटाराकडे गेला होता. नाही, मी सांगते, असं म्हणायला हवं होतं. तिने आपल्या आत तसं काही सापडतं का ते पाहिलं, आणि काही सापडलं नाही. नोकरी जाईल याची भीतीही नव्हती. नुसती पायरी होती आणि तिच्यावर अण्णांची चप्पल.

पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या प्रणीतने हेडफोन एका कानावरून सरकवून ऐकलं. "ओके अंकल, नो प्रॉब्लेम, मी बिसलेरीच पितो," म्हणाला. "चूक माझी आहे," अण्णा त्यालाही म्हणाले. त्याला ते वाक्य कुठे ठेवायचं कळलं नाही. "अरे, इट्स ओके अंकल," तो म्हणाला.

पुढच्या दारापाशी अण्णांनी बेल दाबली. वर आणखी एक अख्खा मजला बाकी होता. आतून कोणीतरी कन्नडमध्ये "बंदे, बंदे", आले आले, म्हणालं. अण्णांनी शर्टाची कॉलर सारखी केली, आणि संहिता त्यांच्या मागे एक पाऊल सरकून उभी राहिली.