फाटकावरचा प्रश्न

वासुदेव निपाणीकर वाहतुकीचा अर्थतज्ज्ञ होता, आणि म्हणजे नेमका कोण, ते त्याच्या निपाणीत कुणालाच कळलेलं नव्हतं. त्याच्या आईने, तानूबाईंनी, आपल्यापुरता प्रश्न सोडवून टाकला होता. ‘यष्टी कुठनं कुठं सोडायची ते आमचा वासू सांगतोय,’ असं त्या येईल त्याला ऐकवत. वासुदेव स्वतः हेच सांगायला लागला की अर्धा तास घ्यायचा आणि ऐकणारा जांभई द्यायचा.

विलायतेत शिकून त्याने डॉक्टरेट मिळवली आणि चौऱ्याण्णव साली बंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत तो चिकटला. चिकटला म्हणजे तात्पुरता. जयनगरात भाड्याचं घर केलं, बायको आसावरीला पुण्याहून आणलं, आईला निपाणीहून आणलं, पण नोकरी काही पक्की होईना. संस्थेचे संचालक भीमाचार्य विजापूरकडचे. घरात कन्नड बोलत, वासुदेवशी मराठी. त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

“हा बसचा अभ्यास नीट करा, लगेच कायम करतो. नाही जमलं तर तुमच्या मामांची तंबाखूची वखार हायच की निपाणीत.”

अभ्यास तसा सरळ होता. जयनगराच्या आसपास नव्या वस्त्या उठल्या होत्या. तिथून एखादी थेट बस सुरू करावी का, आणि केली तर कुठल्या बाजूला न्यावी, हे सरकारला हवं होतं. त्यासाठी लोक कुठे जातात ते कळायला हवं. आणि ते कसं विचारायचं याबद्दल वासुदेवची एक लाडकी पद्धत होती. घरात बसवून विचारलं तर माणूस जायला हवं तिथलं सांगतो, जातो तिथलं सांगत नाही. म्हणून त्याला निघता क्षणी, फाटकापाशीच गाठायचं. विलायतेत हे छान जमलं होतं. तिथली माणसं भर पावसात छत्री धरून कुठे निघालो ते सविस्तर सांगत आणि वर आभारही मानत.

इथे पहिल्या सकाळी वासुदेव स्वतः एका फाटकाशी उभा राहिला. बँकेत जाणारे एक गृहस्थ डबा घेऊन बाहेर पडले. वासुदेवने हसून विचारलं, “एल्लिगे होगतिद्दीरा, सर?” कुठे निघालात, एवढंच. गृहस्थांनी ताटात पाय पडल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि ते घरात जाऊन बसले. आतून पाण्याचा पेला मागितल्याचा आवाज आला.

दुसऱ्या घरासमोर रिक्षा थांबली होती. मुलीला दाखवायला न्यायचं होतं. प्रश्न ऐकून मुलीची आई मट्कन पायरीवर बसली आणि आजोबा काठी घेऊन बाहेर आले. वासुदेवने त्या घरापुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं, तेही पळता पळता.

बाकीची मंडळी सभ्य होती. ती थांबत नसत, रागवत नसत, नुसतं “इल्ले” म्हणून पुढे जात. इल्ले म्हणजे इथंच. कामाला लावलेल्या कॉलेजच्या पोरांनाही गल्लोगल्ली हेच उत्तर मिळालं. एक जण वळकटी, ट्रंक आणि फिरकीचा तांब्या घेऊन निघाला होता, तोही “इल्ले” म्हणाला.

“सर, लोक काहीतरी लपवतायत,” पोरं म्हणाली.

“आपलं काम लिहून घेणं,” वासुदेव म्हणाला. “लोकांच्या मनात शिरणं नाही.”

आता हा मुलगा निपाणीचा. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारलं की काम फिसकटतं, हे तो आईच्या कडेवर असल्यापासून ऐकत आला होता. एकदा वडील कोर्टाच्या तारखेला निघाले असताना हा मध्येच “अप्पा, कुटं?” म्हणाला होता, तेव्हा वडील परत येऊन बसले आणि याच्या पाठीत धपाटा बसला. पण विलायतेहून येताना तो धपाटा बहुधा तिकडेच राहिला. इतका शिकलेला माणूस इतकं साधं विसरतो, तेव्हा त्याची कीव करावी की त्याला हलवून जागं करावं, कळत नाही.

एकदा जेवताना तानूबाई म्हणाल्या, “अरे वासू, कोण एक मेला सकाळच्या पारी लोकांच्या दारात उभा ऱ्हाऊन कुटं कुटं म्हणून इचारतोय म्हणं. शेजारची अक्का सांगत होती. त्येच्या आईनं काय शिकवलंच न्हाई व्हय त्येला?”

“सरकारी माणूस असेल,” वासुदेव म्हणाला आणि त्याने भातात ताक ओतून घेतलं.

आकडे संगणकात गेले आणि नकाशा बाहेर आला. त्यावर बाणच नव्हते. प्रत्येक वस्तीच्या जागी एक जाड काळा ठिपका होता, कारण सगळे इथंच जात होते. वासुदेव घाबरायला हवा होता. उलट तो हरखला. लोकांच्या सगळ्या गरजा घराजवळच भागतात, असा शोध आपल्याला लागला आहे, असं त्याला वाटलं. त्याने रातोरात अहवाल लिहिला. भीमाचार्यही खूश झाले. बसची गरज नाही म्हटल्यावर सरकारचा खर्च वाचणार होता, आणि खर्च वाचवणारं संशोधन सरकारला फार आवडतं.

“पोरं सांगत होती, लोक अपशकुन मानतात म्हणे,” वासुदेवने सहज कानावर घातलं.

“अंधश्रद्धेला समीकरणात जागा नसती,” भीमाचार्य म्हणाले. “शुक्रवारी अहवाल आणा. मी स्वतः सचिवांना नेऊन देतो.”

शुक्रवारी वासुदेव अहवालाची पिशवी घेऊन, बूट घालून पायरी उतरला, तोच न्हाणीघरातून आसावरीचा आवाज आला, “अरे, इतक्या लवकर कुठे निघालास?”

तो थबकला. काय मूर्खपणा आहे, असं स्वतःला बजावून त्याने पाऊल उचललं. पाऊल पुढे पडेना. आज नोकरीचा निकाल होता. नेमकं आजच तिने विचारावं? शेवटी डॉक्टर वासुदेव निपाणीकर मागे वळले आणि ओट्यावर येऊन बसले. तानूबाईंनी पाण्याचा पेला आणि चिमूटभर साखर आणून ठेवली.

तोंडात साखर विरघळत असताना त्याला तो वळकटीवाला आठवला. वळकटी घेऊन कुणी इथंच जातं का? आपण इतक्या लोकांच्या सकाळी नासवल्या आणि वर त्यांना बस नको म्हणून लिहून ठेवलं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात पलीकडचे मल्हारराव रिक्षातून उतरले. पाहणीच्या दिवसांत निघताना त्यांनीही पोरांना “इल्ले” म्हणूनच वाटेला लावलं होतं. आता ते फाटकाला रेलले आणि कुणी काही न विचारता सुरू झाले. सर्जापूर रोडला भाचीकडे गेलो होतो, थेट गाडी नाही, मडिवाळला उतरावं लागतं, तिथे उभं राहून पायांचे खांब झाले, येताना तर शेवटी रिक्षाच केली. भाचीच्या सासूच्या दातदुखीपर्यंत सगळं आलं. वासुदेवची साखर संपली तरी मल्हाररावांचं संपेना.

वासुदेव तडक संस्थेत गेला.

“सर, अहवाल देऊ नका. तो चुकलाय, आणि चूक माझी आहे. लोकांना निघताना विचारायचं नाही. संध्याकाळी परत येताना विचारायचं. मला एक महिना द्या.”

भीमाचार्यांचा चेहरा लाल झाला. “सचिव वाट बघालेत. आता महिना कुठला आणू? निघताना काय आणि येताना काय, माणूस एकच की. मी जातो, लोकांना बस नको म्हणून सांगतो. आणि मग आम्हालाही तुम्ही नको.”

त्यांनी वासुदेवच्या पिशवीतून अहवाल काढून आपल्या बॅगेत कोंबला, कोट चढवला आणि ते दारापर्यंत पोचले. वासुदेवचं सगळं भविष्य त्या बॅगेतून बाहेर चाललं होतं. मुद्दाम म्हणाला की तोंडातून निसटलं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

“सर,” तो म्हणाला, “कुठे निघालात?”

भीमाचार्य उंबऱ्यावर एक पाय टाकून उभे राहिले. घड्याळ पाहिलं. मान वळवून वासुदेवकडे पाहिलं. मग पाय आत घेतला, परत खुर्चीपाशी आले आणि बसले.

“पाणी सांगा,” ते हळूच म्हणाले.

पाणी आलं. प्यायले. लगेच उठणं बरं नव्हतं, त्यामुळे नुसतं बसण्याखेरीज दोघांना काही काम नव्हतं. भीमाचार्यांनी बॅगेतून अहवाल काढला आणि काळ्या ठिपक्यांचा नकाशा बराच वेळ पाहिला.

“वासुदेव,” अखेर ते म्हणाले, “संध्याकाळी विचारल्यावर सांगतात म्हणता?”

“सांगतात? थांबवावं लागतं, सर.”

त्यांनी फोन ओढला आणि सचिवांना कळवलं, की अहवालाला महिनाभर लागेल, पद्धतीत जरा सुधारणा करायची आहे, आणि ती करायला आमचे डॉक्टर निपाणीकर आहेत, कायमचे. मग अहवाल कपाटात कुलूपबंद करून ते कुठल्याशा कामासाठी पुन्हा दाराकडे निघाले. वासुदेव खिडकीबाहेर बघत राहिला आणि त्याने काही म्हणजे काही विचारलं नाही.